बार्बाडोसचा अर्धा दिवस: किनाऱ्याच्या सहलीबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

२९ जून २०२४ च्या रात्री भारतानं केन्सिंग्टन ओव्हलवर दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला आणि बार्बाडोस हे नाव महाराष्ट्रात घराघरांत पोचलं. क्रिकेटच्या जाणत्यांना ते आधीपासून ठाऊक होतं. १९६२ मध्ये भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागला तो इथेच, आणि १९९७ मध्ये १२० धावांचा पाठलाग करताना सचिनचा संघ ८१ धावांत गारद झाला तोही इथेच. आता मराठी माणसं या बेटावर प्रत्यक्ष उतरू लागली आहेत. कोणी सामन्याच्या निमित्तानं जातं, कोणी अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांबरोबर क्रूझवर. दोन्ही प्रकारांत किनाऱ्यासाठी वाट्याला येतो तो फार तर अर्धा-पाऊण दिवस.

एवढ्या थोड्या वेळाचा बेत ज्या समजुतींवर आखला जातो, त्यांतल्या बऱ्याच चुकीच्या आहेत. काहींमुळे नुसता वेळ वाया जातो, एक-दोन मात्र जिवावर बेतू शकतात. माझं सगळं म्हणणं एका गोष्टीभोवती फिरतं: बार्बाडोसमध्ये किनारा निवडताना फोटो पाहू नका, अंतरही पाहू नका. तो बेटाच्या कुठल्या बाजूला आहे ते आधी पाहा. वारा कुठून येतो हे एकदा लक्षात आलं की बाकीचे निर्णय सोपे होतात.

गैरसमज: “बेट एवढंसं, चार-पाच किनारे सहज होतील”

बेट लहान आहे हे खरं. उत्तर-दक्षिण लांबी ३४ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त २३. क्षेत्रफळ ४३० चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीहूनही थोडं कमीच. पण बोरिवलीहून कुलाब्याला जाणारा माणूस किलोमीटर मोजत नाही, वेळ मोजतो. इथेही तेच. राजधानी ब्रिजटाउनहून पश्चिम किनाऱ्यानं उत्तरेकडे जाणारा हायवे वन हा नावाचाच हायवे. जायला एक आणि यायला एक अशी मार्गिका, दोन्ही बाजूंना घरं, दुकानं, हॉटेलं. पुढची बस थांब्यावर उभी राहिली की मागची रांगही उभी राहते. होलटाउन ब्रिजटाउनपासून १२ किलोमीटरच्या आतबाहेर. रस्ता मोकळा असला तर वीस-पंचवीस मिनिटांत पोचाल, शाळा-कचेऱ्या सुटायच्या वेळी त्याला दुप्पट वेळ लागू शकतो. पूर्वेचं बाथशेबा गाठायला उसाच्या शेतांमधल्या वळणावळणाच्या रस्त्यांनी पाऊण तास तरी धरावा.

आता हिशेब मांडून बघा. जहाज सकाळी आठला धक्क्याला लागलं तर सगळं आवरून खाली उतरेपर्यंत नऊ-साडेनऊ होतात. सुटायची वेळ पाच असेल तर परत चढायची शेवटची वेळ साधारण साडेचार. त्याआधी तासभर हाताशी राखून ठेवायलाच हवा. उरले सहा तास. त्यातून जाणं-येणं, जेवण, कपडे बदलणं वजा केलं की वाळू आणि पाणी यांच्यासाठी साडेतीन-चार तास राहतात. एवढ्यात एक किनारा नीट होतो. दोन केले तर मुलं ओल्या अंगानं गाडीत कुडकुडत बसतात, मोठी माणसं घड्याळ बघत राहतात आणि दोन्ही किनाऱ्यांवर आपण फक्त पोचलेलो असतो.

ज्यांच्याकडे खरोखरच थोडा वेळ आहे त्यांना मी बिनदिक्कत कार्लाइल बे सुचवेन. बंदरापासून साधारण तीन किलोमीटर. उन्हाची सवय असेल तर शहरातून, कॅरीनेजच्या खाडीवरचा पूल ओलांडून चालतही जाता येतं, आणि त्या निमित्तानं जुनं ब्रिजटाउन दिसतं. गॅरिसनच्या लष्करी वसाहतीसह हे शहर २०११ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. उपसागराचं पाणी निवांत, तळ वाळूचा आणि हळूहळू खोल होणारा. इथला समुद्र संरक्षित आहे आणि त्याच्या तळाशी जुन्या बुडालेल्या बोटी आहेत. त्यांतली बर्विन ही फ्रेंच टगबोट १९१९ पासून तिथं आहे, तीही इतक्या उथळ पाण्यात की स्नॉर्कल लावून वरून पोहत जाणाऱ्यालाही दिसते. तिच्या लोखंडावर प्रवाळ चढलंय आणि सांगाड्याच्या फटींतून माशांचे थवे ये-जा करत असतात.

बेटावर रात्रीचा मुक्काम असेल तर उजाडता उजाडता याच उपसागराच्या दक्षिण टोकाला, पेबल्स बीचवर जा. गॅरिसनच्या शर्यतीच्या मैदानावरचे घोडे तिथं समुद्रात आंघोळीला आणतात. मोतद्दार गळाभर पाण्यात उभा, हातात दोरी, आणि भोवती घोडा पोहतोय. पाण्यावर फक्त त्याचं डोकं आणि फुललेल्या नाकपुड्या. तो फुरफुरतो तो आवाज किनाऱ्यावर स्पष्ट ऐकू येतो. ऊन चढायच्या आत सगळे घोडे परत गेलेले असतात. जहाजातून नऊनंतर उतरणाऱ्याला हे दिसत नाही.

गैरसमज: “कॅरिबियन समुद्र म्हणजे शांत पाणी, कुठंही उतरा”

जिवाशी गाठ पडते ती या समजुतीमुळे, म्हणून इथं जरा सविस्तर लिहितो.

कॅरिबियन बेटांच्या रांगेत बार्बाडोस सगळ्यांत पूर्वेला, रांगेपासून वेगळं, थेट अटलांटिकमध्ये आहे. वर्षभर इथं पूर्वेकडून वारा वाहतो. आफ्रिकेच्या दिशेला हजारो किलोमीटर मोकळा महासागर. त्यावरून ढकलत आणलेल्या लाटा येऊन फुटतात त्या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर. बाथशेबा म्हणूनच इतकं देखणं आहे. पायथ्याशी झिजून निमुळते झालेले प्रचंड खडक पाण्यात उभे, हवेत कायम खारट तुषार, आणि सर्फिंग करणाऱ्यांमध्ये ‘सूप बोल’ या नावानं जगभर मान मिळवलेल्या लाटा. तिथं जा, वरच्या रस्त्यावर बसा, पोटभर बघा. पण पोहायला उतरू नका. प्रवाह माणसाला आत खेचतो आणि खाली खडक आहेत. स्थानिक माणसंसुद्धा तिथं पाणी उतरल्यावर खडकांमधल्या उथळ डोहांत बसतात, त्यापुढं जात नाहीत. ज्याला हा समुद्र जन्मापासून ठाऊक आहे तो जिथं थांबतो, तिथं पाहुण्यानं थांबायलाच हवं.

आग्नेयेकडचा क्रेन बीच फोटोत फार गोड दिसतो: कड्याखाली किंचित गुलाबी वाळू, निळंहिरवं पाणी. फोटोत लाटेचा जोर दिसत नाही. चांगलं पोहणाऱ्यानं तिथं लाटांत खेळावं. आजी-आजोबा आणि लहान मुलं बरोबर असतील तर ती जागा नव्हे. दक्षिण किनाऱ्यावरचे रॉकली (त्याला अ‍ॅक्रा बीचही म्हणतात), डोव्हर, एंटरप्राइझ हे मधले: थोड्या लाटा, भरपूर माणसं, खाण्यापिण्याची सोय. आणि पश्चिम किनारा, म्हणजे पेन्स बे, होलटाउन, मलिन्स, हा बेटाच्या आडोशाला असल्यामुळे सगळ्यांत निवांत. पोहायला शिकलेली नसलेली माणसं कुटुंबात असतील तर पश्चिम किनारा किंवा कार्लाइल बे, दुसरा विचारच नको.

मात्र शांत किनाऱ्याचाही एक धोका आहे आणि तो कोणी सांगत नाही. वारा पूर्वेचा, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. काठाजवळचं पाणी गुळगुळीत दिसतं ते त्यामुळेच. याच वाऱ्यावर हवा भरलेली गादी किंवा मुलांची रबरी नाव सहज काठापासून सुटते आणि न कळत बाहेर जाऊ लागते. डोळे मिटून पडलेल्या माणसाला दहा मिनिटांनी किनारा लांब गेलेला दिसतो. त्या दिशेला पुढची जमीन म्हणजे सेंट व्हिन्सेंट, दीडशेहून अधिक किलोमीटरवर. फुगवायच्या वस्तू न्यायच्याच असतील तर दोरीचं टोक मोठ्या माणसाच्या हातात असू द्या. गादी सुटली तर तिच्या मागे पोहू नका, ती जाऊ द्या. हिवाळ्यात कधीकधी उत्तरेकडच्या दूरच्या वादळांच्या लाटा पश्चिम किनाऱ्यालाही येऊन भिडतात, तेव्हा दोन दिवस तिथलं पाणीही खवळलेलं असतं.

कोकणातला माणूस समुद्रावर गेला की पहिला प्रश्न भरती-ओहोटीचा विचारतो, आणि मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी चार-पाच मीटर चढत-उतरत असताना तो बरोबरच आहे. बार्बाडोसला भरती-ओहोटीतला फरक मीटरभरही नसतो. वेळापत्रक बघून सहल आखण्यात अर्थ नाही. बघायचा तो वारा, लाटा आणि झेंडा. लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही. लाल-पिवळे झेंडे असतील तर त्यांच्या मधल्या पट्ट्यात पोहायचं. नॅशनल कॉन्झर्व्हेशन कमिशनचे जीवरक्षक ठरावीक किनाऱ्यांवरच आणि दिवसाच असतात. प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेनं झुंजू नका, दमछाक होते. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर या, ते जमत नसेल तर तरंगत राहून हात वर करा. पाण्यात शिरण्यापूर्वी हे मुलांना एकदा मोठ्यानं सांगा.

गैरसमज: “झाडाखाली बसलं की झालं, सावली ती सावली”

बार्बाडोसच्या किनाऱ्यांवर मॅन्चिनील नावाचं झाड आहे. पानं लहान, चकचकीत, टोकदार. फळ हिरवट-पिवळं, छोट्या सफरचंदासारखं, गोडसर वासाचं. फळ, पान, साल, सगळंच विषारी. मोडलेल्या फांदीतून पांढरा चीक येतो आणि तो कातडीला लागला की भाजल्यासारखे फोड उठतात. बिब्बा उतलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना कल्पना येईल. सर आली म्हणून या झाडाखाली धावणं ही सर्वांत मोठी चूक, कारण पानांवरून ठिबकणारं पाणी चीक घेऊनच खाली येतं. फळ तोंडात गेलं तर घसा सुजतो. लाकूड जाळलं तर धुरानं डोळे जातायत असं वाटतं.

पुष्कळ ठिकाणी खोडावर लाल पट्टा रंगवलेला असतो किंवा पाटी लावलेली असते, पण प्रत्येक झाडावर ती असेलच असं नाही. चीक लागला तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा. डोळ्यांत किंवा तोंडात गेला तर वाट न बघता डॉक्टरकडे जा. मग अशी झाडं तोडून का टाकत नाहीत, असं मनात येतं. त्यांची मुळं वाळू धरून ठेवतात, किनारा वाहून जाण्यापासून वाचवतात. झाड आपल्या जागी आहे, आपण ओळखून बसायचं. मोठ्या गोल पानांचं आणि तांबूस शिरांचं झाड दिसलं तर ते सी-ग्रेप, त्याची सावली बिनधोक. सुरूची झाडंही आहेत, ती कोकणातल्या माणसाला ओळखीचीच.

गैरसमज: “आपली कातडी सावळी, वारा गार, आपल्याला ऊन लागत नाही”

ब्रिजटाउन जवळपास चेन्नईच्या अक्षांशावर आहे, १३ अंश उत्तर. एप्रिलच्या अखेरीस आणि ऑगस्टच्या मध्याला दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो. सतत वाहणाऱ्या वाऱ्यामुळे घाम टिकत नाही, चटका जाणवत नाही. पण अतिनील किरणांना वारा अडवत नाही, पातळ ढगही पुरते अडवत नाहीत. सावळी कातडी गोऱ्या कातडीपेक्षा उशिरा भाजते, भाजत नाही असं नाही. स्नॉर्कल लावून तासभर पालथं तरंगणाऱ्याची पाठ, पोटऱ्या आणि मानेचा मागचा भाग रात्री हुळहुळतो. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला. त्यानं मलमाचा खर्च वाचतो आणि प्रवाळांच्या पाण्यात रसायनंही कमी जातात. अकरा ते दोन पाण्याबाहेर, सावलीत, जेवणासाठी ठेवा.

गैरसमज: “चांगले किनारे हॉटेलांचे, आपल्याला आत सोडणार नाहीत”

बार्बाडोसमधले सगळे किनारे सार्वजनिक आहेत. हॉटेल कितीही महागडं असो, त्याच्यापुढची वाळू त्याची नाही. हॉटेलांच्या आणि बंगल्यांच्या मधून समुद्राकडे जाणाऱ्या अरुंद पायवाटा ठेवलेल्या आहेत, बहुतेक ठिकाणी पाटीही असते. खुर्च्या आणि छत्र्या मात्र हॉटेलच्या किंवा भाड्यानं देणाऱ्याच्या, त्यांवर बसाल तर पैसे मोजावे लागतील. पंचा अंथरून वाळूवर बसायला कोणाची परवानगी लागत नाही. किनारा सर्वांचा राहावा ही त्या छोट्या देशानं जपलेली फार मोठी गोष्ट आहे असं मला वाटतं, आणि आपणही तिथून जाताना आपला कचरा उचलून न्यावा हे त्याचं साधं देणं.

गैरसमज: “जहाजाची सहल किंवा टॅक्सी, तिसरा मार्ग नाही”

तिसरा मार्ग आहे आणि तो मजेचाही आहे. बस तीन तऱ्हेच्या. निळ्या रंगावर पिवळा पट्टा ती सरकारी. पिवळ्यावर निळा पट्टा ती खाजगी मिनीबस. आणि पांढऱ्यावर किरमिजी पट्टा ती झेड-आर. हे नाव तिच्या नंबरप्लेटवरच्या अक्षरांवरून पडलंय. झेड-आरमध्ये गाणी मोठ्यानं वाजतात, माणसं दाटीनं बसतात, गाडी वेगानं जाते. २०१९ पासून तिन्हींचं भाडं एकच, साडेतीन बार्बाडोस डॉलर, जवळ जा की लांब. सरकारी बसमध्ये सुटे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून नेमकी रक्कम हातात ठेवा. थांब्यांच्या पाट्यांवर ‘टू सिटी’ किंवा ‘आउट ऑफ सिटी’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि त्यावरूनच दिशा कळते. पश्चिम किनाऱ्याच्या सरकारी बस बंदराकडच्या प्रिन्सेस अ‍ॅलिस टर्मिनलवरून सुटतात, दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या फेअरचाइल्ड स्ट्रीटवरून. दक्षिण किनाऱ्यासाठी ११ नंबरची झेड-आर सोयीची. ती किनाऱ्याकिनाऱ्यानं ऑइस्टिन्स गावावरून जाते. थांब्यावर ओळख नसली तरी बसमध्ये चढताना ‘गुड मॉर्निंग’ म्हणायची तिथं रीत आहे. ती पाळली की कुठं उतरायचं हे चार माणसं आपणहून सांगतात.

मात्र परतताना, वेळ कमी असेल तर, बसच्या भरवशावर राहू नका. जाताना बस आणि येताना टॅक्सी हा मला सर्वांत शहाणपणाचा मेळ वाटतो. टॅक्सीची नंबरप्लेट झेडनं सुरू होते, मीटर नसतो. गाडीत बसण्यापूर्वी भाडं ठरवा आणि ते कुठल्या डॉलरमध्ये हे विचाराच. १९७५ पासून दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर हा दर पक्का आहे आणि दोन्ही नोटा सर्रास चालतात. ‘चाळीस डॉलर’ म्हणजे नेमके कोणते, यावरून भाडं दुप्पट होऊ शकतं.

गैरसमज: “भारतीय पासपोर्टला व्हिसा लागत नाही, म्हणजे कागदांची चिंता नाही”

पर्यटनासाठी ९० दिवसांपर्यंत बार्बाडोसचा व्हिसा लागत नाही हे खरं. अडचण वाटेतल्या देशांची. लंडनमार्गे जाताना विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही भारतीय पासपोर्टवर सर्वसाधारणपणे ट्रान्झिट व्हिसा लागतो; अमेरिका-कॅनडासारख्या देशांचा वैध व्हिसा असलेल्यांना काही सवलती आहेत. अमेरिकेतून जाताना ट्रान्झिटसाठीसुद्धा व्हिसा हवाच. मायामीहून क्रूझ घेणाऱ्या आईवडिलांच्या बाबतीत तर अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना हे तिकीट काढण्यापूर्वी बघा, कारण बेटं फिरून जहाज परत येतं तेव्हा तो अमेरिकेतला नवा प्रवेश धरला जातो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. सामन्यांच्या दौऱ्यात बार्बाडोसला जोडून बहुधा त्रिनिदादही असतं. त्रिनिदादचा समावेश भारत सरकारच्या पीतज्वराच्या यादीत आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे लशीचं प्रमाणपत्र नसेल तर त्याला विमानतळावरून विलगीकरणात नेतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी वैध होतं, म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही.

कपड्यांचाही एक कायदा आहे. लष्करी छापाचे, हिरव्या-तपकिरी डागांचे कपडे बार्बाडोसमध्ये सामान्य नागरिकानं घालणं गुन्हा आहे, लहान मुलानंसुद्धा. चड्डी, टोपी, पाठीवरची पिशवी, काहीही चालत नाही. बॅग भरतानाच ते बाजूला काढा. पोहण्याच्या कपड्यांत शहरात किंवा दुकानात फिरणंही तिथं असभ्य समजतात.

गैरसमज: “जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ, तेव्हा जायचंच नाही”

१ जून ते ३० नोव्हेंबर हा हरिकेनचा हंगाम, जोर ऑगस्ट ते ऑक्टोबर. पण पूर्वेला पडल्यामुळे बार्बाडोसला वादळाचा थेट तडाखा इतर बेटांपेक्षा कमी वेळा बसतो. १९५५ च्या जॅनेटनंतर थेट येऊन धडकलेलं हरिकेन म्हणजे जुलै २०२१ चं एल्सा. अर्थात ‘कमी वेळा’ म्हणजे ‘कधीच नाही’ नव्हे. २०२४ च्या अंतिम सामन्यानंतर आपला संघ विमानतळ बंद झाल्यानं तिथंच अडकला आणि मरीन ड्राइव्हवरची मिरवणूक ४ जुलैला निघाली, ते बेरील वादळामुळे. १ जुलैला ते बेटाच्या दक्षिणेकडून गेलं. ब्रिजटाउनच्या मासेमारी बंदरातल्या होड्यांची त्यानं फार मोठी हानी केली, आणि ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर तर घरं भुईसपाट झाली. आपल्या बातम्यांत खेळाडूंचा मुक्काम किती लांबला एवढंच आलं; कोळ्यांच्या होड्यांबद्दल दोन ओळी यायला हव्या होत्या. या काळात जाणाऱ्यानं विमा घ्यावा आणि परतीचं विमान शेवटच्या क्षणाला चिकटवून ठेवू नये.

पाऊस म्हणजे आपल्या आषाढासारखी झड, ही कल्पनाही सोडा. तिथं बहुधा सर येते, वीसेक मिनिटं झोडपते आणि ऊन पडतं. सकाळी ढग बघून सहल रद्द करायचं कारण नसतं.

उन्हाळ्याची खरी अडचण आहे सारगॅसम. हे तपकिरी तरंगतं समुद्री शेवाळ २०११ पासून प्रचंड प्रमाणात कॅरिबियनमध्ये येऊ लागलं. वसंतापासून ऑगस्टपर्यंत त्याचे ढीग किनाऱ्यावर साचतात आणि कुजले की सडक्या अंड्यांचा वास सुटतो. दम्याच्या माणसाला त्याचा त्रास होतो. पण पुन्हा तीच गोष्ट: वारा आणि प्रवाह त्याला पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर आणून टाकतात, पश्चिम किनारा बहुतेक वेळा स्वच्छ राहतो.

गैरसमज: “शाकाहारी माणसानं डबा आणि बाटलीबंद पाणी घेऊनच उतरावं”

पाण्याचं आधी सांगतो. बेटाचा बहुतेक पृष्ठभाग प्रवाळापासून बनलेल्या चुनखडीचा आहे, पावसाचं पाणी त्यातून गाळून खाली जातं आणि तेच भूजल नळाला येतं. ते पिण्याजोगं असतं. बाटली घरून न्या, तिथं भरा. खाण्यात मासळीचं राज्य आहे हे खरं, उडता मासा आणि मक्याच्या पिठात भेंडी घालून शिजवलेला कूकू हे राष्ट्रीय पक्वान्न. पण त्रिनिदादमार्गे आलेली बटाट्या-चण्याची रोटी बार्बाडोसमध्ये अगदी घरचीच झाली आहे. ब्रिजटाउनच्या बाजारपेठेत सुरतेकडून आलेल्या गुजराती व्यापाऱ्यांची आणि सिंधी व्यापाऱ्यांची दुकानं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मॅकरोनी पाय आणि चीज कटर (पावात भरलेलं चीज) बहुतेक ठिकाणी मिळतात. कूकूवर मात्र माशाचा रस्सा ओततात, आधी विचारा.

गैरसमज: “कासवांना हात लावला, खाऊ घातलं की मुलांना निसर्गाची गोडी लागते”

पश्चिम किनाऱ्यावर हिरवी समुद्री कासवं चरायला येतात आणि त्यांच्याबरोबर पोहायच्या बोटसहली जोरात चालतात. काही बोटी मासळीचे तुकडे टाकून कासवांना बोलावतात. प्रौढ हिरवं कासव मुख्यतः समुद्री गवतावर जगतं. माशाच्या लालचीनं ते बोटींना सोकावतं आणि पंख्यांच्या मारात सापडतं. बार्बाडोसनं १९९८ मध्ये कासवांच्या शिकारीवर पूर्ण बंदी घातली आणि तिथल्या विद्यापीठातला बार्बाडोस सी टर्टल प्रोजेक्ट वर्षानुवर्षं त्यांच्यासाठी झटतो आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला गावकऱ्यांनी कासवांची घरटी राखली, पिल्लं समुद्रात जाताना बघायला महाराष्ट्रभरातून माणसं शिस्तीत उभी राहतात. ती शिस्त आपल्याला येते. तीच इथंही पाळा: बोट ठरवताना खाऊ घालता का हे विचारा, घालत असतील तर दुसरी बोट बघा. पाण्यात हात जवळ ठेवा, कासव आपणहून येईल तेवढंच बघा. मे ते ऑक्टोबर रात्री किनाऱ्यावर असाल तर बॅटरी आणि फ्लॅश बंद ठेवा, हॉक्सबिल कासवं त्याच वाळूत अंडी घालायला वर येतात.

गैरसमज: “फोन आपोआप वेळ दाखवतो, घड्याळ कशाला”

बेटावर भारताच्या साडेनऊ तास मागची वेळ चालते, वर्षभर तीच. जहाज मात्र आपली स्वतःची वेळ चालवू शकतं, आणि ती बेटाच्या वेळेपेक्षा तासाभरानं वेगळी असू शकते. फोनला बेटावरचं सिग्नल मिळालं की तो बेटाची वेळ दाखवतो, जहाज आपल्या वेळेनं सुटतं. उतरताना जिन्यापाशी लावलेली परतीची वेळ वाचा, ती कुठली वेळ हे तिथल्या माणसाला विचारा आणि मनगटी घड्याळ त्यानुसार लावा. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं, स्वतंत्र गेलेल्यांसाठी थांबत नाही, आणि पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च ज्याचा त्याचा. म्हणून पासपोर्टची प्रत, थोडे पैसे आणि जहाजाच्या रोजच्या पत्रकावर छापलेला बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असलेला कागद खिशात ठेवूनच खाली उतरा.